सकाळी दहा उड्या, संध्याकाळी दहा

पोर बोलत नाही म्हणून नेलं तेव्हा सांगलीच्या डॉक्टर मॅडमनी प्रांजलचे कान तपासले, घसा बघितला, तिच्यापुढं चित्रं मांडली, परत उचलली आणि शेवटी माझ्याकडं वळून म्हणाल्या, "आजोबा, उड्या मारा."

मला वाटलं पोरीला सांगतायत. मी म्हणालो, "मार गं उडी." प्रांजल खुर्चीतून माझ्याकडं बघत राहिली.

"तिनं नाही, तुम्ही," मॅडम म्हणाल्या. "तिच्यासमोर. सकाळी दहा, संध्याकाळी दहा. प्रत्येक उडीला मोठ्यानं म्हणायचं, उडी. काही ढकलताना म्हणायचं, ढकल. वर चढताना वर, खाली बसताना खाली. मूल नुसतं ऐकून शिकत नाही, अंग हलवून शिकतं. तिला पळवा, लोळवा, चढवा, आणि तुम्ही गप्प राहू नका."

मी तेहतीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात काढली. पशुधन पर्यवेक्षक म्हणून रिटायर झालो. म्हसवडला लोक ढोरडॉक्टर म्हणतात, मी ते सुधारत बसत नाही. एवढ्या नोकरीत गाय आजारी आणि मालकाला सांगितलं की तू पळ, असं एकदाही झालं नाही. म्हणून मी विचारलं, "औषध काय?"

"हेच औषध."

"जेवणाआधी का जेवणानंतर?"

मॅडमना वाटलं मी चेष्टा करतोय. मी चेष्टा करत नव्हतो. मला गुडघ्याचं टेन्शन आलं होतं आणि भरल्या पोटी तर ते जमणारच नव्हतं.

मॅडमचं नाव संयोगिता. वय माझ्या सुनेएवढं. त्यांनी मग असा प्रश्न विचारला की मी खाली बघायला लागलो. "तुम्ही दिवसभरात तिच्याशी किती बोलता?"

मी मनात हिशेब केला. ऊठ. दूध पी. चप्पल घाल. जेव. झोप. सगळं धरून पंधरा-वीस शब्द होत होते. आमच्या घरात बोलायचं काम प्रांजलच्या आज्जीकडं होतं. ती सकाळी उठल्यापासून बोलायची, भांड्याशी बोलायची, मांजराशी बोलायची, मी हूं म्हटलं तरी तिचं भागायचं. दिवाळीच्या आधी ती गेली. तेव्हापासून घरात मी आणि साडेतीन वर्षांची पोर, आणि दोघंही हूं म्हणणारे.

"बोलतो की," मी म्हणालो. मॅडमनी ते लिहून घेतलं नाही.

पोरीला एकूण आठ शब्द येत होते. मॅडम म्हणाल्या, सहा आठवड्यांनी परत या. पन्नासच्या आसपास शब्द झाले आणि दोन-दोन शब्द जोडायला लागली तर काळजी नाही. नाहीतर रोजच्या रोज उपचार लागतील, ते गावात होणार नाहीत.

बाहेर आल्यावर माझी सून पल्लवी म्हणाली, "आप्पा, सहा आठवडे. फरक नाही पडला तर मी नोकरी सोडते आणि हिला पुण्याला नेते." ती रागानं म्हणाली नाही, म्हणून मला जास्त लागलं. मुलगा विश्वजित गाडीच्या किल्लीशी खेळत उभा होता. दोघंही पुण्यात नोकरीला, दोघांनाही पाळ्यांची ड्युटी. पोर वर्षाची असल्यापासून आमच्याकडं. आज्जी गेल्यावर ते न्यायला आले होते, तेव्हा मीच म्हणालो होतो, राहू दे, मी सांभाळतो. सांभाळणं म्हणजे काय हे मी तेव्हा फारसं मनावर घेतलं नव्हतं. जनावर वेळेवर खातंय, रवंथ करतंय, म्हणजे ठीक, या हिशेबानं मी चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी अंगणात उभा राहिलो. प्रांजल पायरीवर बसली. मी टोपी काढून खुंटीला अडकवली, कारण टोपी घालून उडी मारावी का काढून, याबद्दल मॅडम काही बोलल्या नव्हत्या. मग मी इकडंतिकडं बघून हळूच म्हणालो, "उडी," आणि मारली.

मारली म्हणजे काय, टाचा उचलल्या.

तिसऱ्या उडीला शेजारच्या बयाबाई कुंपणापाशी आल्या. सत्तरीच्या आहेत, जन्म मेंढरांमागं गेला, आता गुडघ्यानं बसवलंय पण नजर शाबूत आहे. त्यांनी विचारलं, "दादा, इंचू चावला का काय?"

"न्हाई. व्यायाम करतोय."

"आन् उडी उडी काय वरडताय?"

मला सांगायला लागलं. सांगितलं ही चूक झाली. नऊ वाजेपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं की ढोरडॉक्टर पोरीला बोलकं करण्यासाठी उड्या मारतायत, आणि साडेनऊपासून सल्ले यायला लागले. कोणी म्हणालं वेखंड उगाळून जिभेला लावा. कोणी म्हणालं शंखातलं पाणी पाजा. एकानं सांगितलं, त्याचा चुलत भाऊ पाच वर्षांचा होईपर्यंत बोलला नाही आणि आता बोलायचा थांबत नाही, आमदारांच्या मागं फिरतो. एक बाई म्हणाल्या, घरात बाईमाणूस नाही ना, म्हणून. त्या बाईंना मी चहा विचारला नाही.

सगळ्यात मोठा सल्ला समोरच्या नानासोंनी दिला. नानासो सैन्यातून सुभेदार होऊन आलेत. फाटक उघडून आत आले, हात मागं बांधून माझी उडी बघितली आणि म्हणाले, "धुळाप्पा, ही उडी न्हाई. ही सलामी हाय. गुडघा वाकवा."

"गुडघाच तर वाकत न्हाई गड्या."

"मग पोरगी काय बघून शिकायची? आन् ही जमीन बघा. खडक हाय नुस्ता. उतरला की डोक्यापतुर दणका. आमच्या ट्रेनिंगला उडीसाठी वाळूचा खड्डा आसायचा. वाळू आणा."

हे मात्र मला पटलं. मॅडमनीही मऊ जागा बघा असं सांगितलं होतं. आणि प्रांजल तर पायरीवरून हलतच नव्हती. मी दहा उड्या मारायचो, ती दहाही बघायची, टीव्हीवर बातम्या बघाव्यात तशी, आणि संपल्यावर आत जायची. चार दिवस झाले होते. जुनी लसीकरणाची नोंदवही मी शब्द लिहायला काढली होती. तिच्यात तारीख, मालकाचं नाव, जनावराचा प्रकार, शेरा असे रकाने. शेऱ्यात मी रोज 'नाही' लिहीत होतो.

मी भाच्याला, धनाजीला फोन केला. "जरा वाळू लागती. पोरीला खेळायला."

तो म्हणाला, "मामा, काळजी करू नका. काम झालं समजा."

इथं माझी चूक झाली आणि ती आमच्याच तालुक्यातला माणूस करू शकतो. मी त्याला किती ते सांगितलं नाही आणि कुठून ते विचारलं नाही. आमच्याकडं माणगंगेच्या काठावर वाळू म्हटलं की माणसं आवाज खाली करतात. पोरासोरांनासुद्धा माहीत असतं की वाळू गुपचूप आणायची आणि विचारलं तर माहीत नाही म्हणायचं. धनाजीला वाळू आणायची एकच रीत ठाऊक. पहाटे पाचला त्यानं दिवे बंद करून ट्रॅक्टर आणला, अंगणात ट्रॉली उपडी केली आणि मी चूळ भरून बाहेर येईपर्यंत निघूनही गेला. मी दोन घमेली वाळूची अपेक्षा केली होती. अंगणात अर्धा ब्रास पडली होती. माझी तुळस त्यात कमरेपर्यंत गाडली गेली होती.

मी घाबरलो. पण उजाडल्यावर प्रांजल उठून बाहेर आली, पायरीवर थांबली, ढिगाकडं बघितलं आणि कुणी काही न सांगता पायरीवरून उडी टाकली. गुडघ्यापर्यंत आत गेली. बाहेर आली, परत पायरी चढली, आणि दुसऱ्या वेळेला उडी टाकताना म्हणाली, "उई."

मी म्हणालो, "उडी."

ती म्हणाली, "उडी."

नववा शब्द. मी वही आणायला पळालो. खरंच पळालो, गुडघा आहे हे विसरून. शेऱ्यात लिहिलं, 'उडी. स्पष्ट. सकाळी ६.४०.' मग आम्ही दोघांनी किती उड्या मारल्या ते मोजलं नाही. माझ्या लेंग्याचे खिसे वाळूनं भरले होते.

हा आनंद अकरा वाजेपर्यंत टिकला.

अकरा वाजता महेजबीन मुलाणी आल्या. त्या आमच्या गावच्या तलाठी. वडील त्यांचे रसूलभाई, बाजारात कुलपं दुरुस्त करायचे; पोरगी परीक्षा देऊन पुढं गेली, गावाला अभिमान आहे. मला काका म्हणतात. गाडीला स्टँड लावून त्या ढिगाकडं बघत उभ्या राहिल्या आणि त्यांचा चेहरा माझ्यापेक्षा कष्टी झाला.

"काका, तुम्ही?"

"आवं, पोरीला खेळायला आणलीय."

"अर्धा ब्रास?"

"भाच्यानं जास्त टाकली."

"पावती?"

मी सरकारी नोकर होतो. पावती नाही या वाक्याचा अर्थ मला कळतो. कुणीतरी तक्रार केली होती आणि तक्रार आली की पंचनामा आला. त्यांनी टेप काढला, लांबी-रुंदी-उंची घेतली. पंच म्हणून नानासो आणि बयाबाईंना बोलावलं. नानासो इस्त्रीचा शर्ट घालून आले. बयाबाईंनी विचारलं, "मला आत टाकत्यात का?" त्यांना समजावलं की त्या साक्षीदार आहेत, तर त्या म्हणाल्या, "मग दादाला टाकत्यात?" आणि डोळ्याला पदर लावला. मला तोपर्यंत एवढी भीती वाटत नव्हती.

छापील कागदावर एक रकाना होता, वापराचा हेतू. बांधकाम, विक्री, साठा.

"काय लिहू, काका?"

"बोलण्यासाठी."

महेजबीननी पेन थांबवलं. मी सगळं सांगितलं. उड्या, आठ शब्द, सहा आठवडे, पुणे. त्यांनी ऐकून घेतलं आणि 'इतर' असं लिहिलं. मग म्हणाल्या, "ढीग जप्त झालाय. पण आमच्याकडं ठेवायला जागा नाही. निकाल लागेपर्यंत तुमच्याच ताब्यात राहील. या ताबेपावतीवर सही करा. यातली वाळू कमी झाली, हलवली, वापरली, तर जबाबदारी तुमची."

म्हणजे असं झालं की वाळू माझ्या अंगणात, माझ्या राखणीला, सरकारच्या मालकीची, आणि माझी नात तिच्यापासून दोन हातांवर. मी सही केली. रिटायर होताना माझ्या फाईलवर एक रेघ नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून मी नातीपासून वाळू राखायला लागलो. ढिगाला चारी बाजूंनी दोरी बांधली. प्रांजल दोरीखालून जायची. मी म्हणायचो, "नको." ती परत जायची. "नको." दुपारपर्यंत ती स्वतःच दोरीपाशी उभी राहून "नको, नको" म्हणत आत जायला लागली. मी वहीत दहावा शब्द लिहिला, पण मन खात राहिलं. मॅडमनी ढकल, पळ, वर, खाली असे शब्द सांगितले होते. माझ्या हातून पोर नको शिकली. तिच्या पायांना लागलेली वाळू मी संध्याकाळी झाडून परत ढिगावर टाकायचो. मांजर ढिगावर बसायला लागलं, त्याचं काय ते कागदात नव्हतं.

मग बयाबाईंनी तोड काढली. मेंढरांची लोकर आता कोणी घेत नाही. कातरतात आणि उकिरड्यावर टाकतात. बयाबाईंच्या घरामागच्या खोपटात दोन वर्षांची पडून होती. त्या म्हणाल्या, "पोत्यात भरा की वो दादा. गादीवानी हुतंय. त्येला कोण पंचनामा करतंय?" आम्ही अकरा पोती भरली, शिवली आणि अंगणाच्या दुसऱ्या कोपऱ्यात रचली. काम उत्तम झालं. पोर पोत्यावर चढायची, लोळायची, ढकलायची. मीही ढकलायचो. "ढकल." "धकल." "वर." "वल." गल्लीतली सहा-सात पोरं यायला लागली. नानासोंनी आपणहून ताबा घेतला. शिट्टी आणली. पोरं एका रांगेत, एकेक पोतं ओलांडून पळायचं, शिट्टी वाजली की थांबायचं.

दोन दिवसांत चोवीसपर्यंत गाडी आली. पण त्यात 'थम' होता, 'दौड' होता, आणि मेंढरं हाकायची बयाबाईंची एक आरोळी होती, जी कशी लिहायची ते मला कळलं नाही. थम आणि दौड मराठीत धरायचे का? मी नानासोंना म्हणालो, "आवं, पोरीला डॉक्टरांम्होरं न्यायचीय, बॉर्डरवर न्हाई."

ते म्हणाले, "शब्द शब्द आसतो. आडवला तर मला फोन करा."

तिसऱ्या दिवशी पोरं खाजवायला लागली. लोकरीत पिसवा होत्या. ढोरडॉक्टरच्या हे आधी लक्षात यायला हवं होतं, असं गल्लीतल्या प्रत्येक आईनं मला वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. मी घरोघर जाऊन माफी मागितली. मग पोती पत्र्यावर चढवली आणि चैत्राच्या उन्हात तीन दिवस तापवली, लोकर झटकली, परत भरली. त्या तीन दिवसांत प्रांजल पुन्हा पायरीवर बसली आणि एक शब्द बोलली नाही. मला रात्रीचं जेवण जाईना. चोवीस शब्द तीन दिवसांत पुसले जातात का, हे विचारायला मी मॅडमना फोन लावला आणि उचलायच्या आत कापला.

पोती उतरली तशी ती बोलायला लागली. तेव्हा मला एक गोष्ट कळली आणि भीती आणखी वाढली. पोर हलत असली की बोलते. बसली की बोलत नाही. उडी म्हणताना तिचे पाय हलले पाहिजेत. रविवारी पल्लवीचा व्हिडिओ फोन आला. मी प्रांजलला मोबाईलसमोर बसवलं आणि म्हणालो, "बोल, काय काय शिकलीस?" ती फोनकडं बघत राहिली. पल्लवी दहा मिनिटं बोलत होती, "प्रांजू, मम्माला सांग." काही नाही.

"आप्पा, पस्तीस शब्द म्हणालात ना?"

"आत्तापतुर बोलत होती गं. पोत्यावर."

"बरं," पल्लवी म्हणाली. त्या बरंमध्ये तिनं माझ्यावर विश्वास ठेवला नव्हता आणि माझी कीवही केली होती. यातलं कुठलं जास्त वाईट ते मी ठरवू शकलो नाही.

पाचव्या आठवड्यात महेजबीन ढीग तपासायला आल्या. दोरी तशीच होती. पण ढिगावर पावलं होती.

"काका, ही पावलं कुणाची?"

"पोरीची."

"आणि ही?"

ती माझी होती. आदल्या संध्याकाळी प्रांजलनं दोरीखालून हात धरून मला आत ओढलं होतं. मी तेही सांगितलं. त्यांनी टेप लावला, तीनदा मोजलं. म्हणाल्या, "माप तेवढंच आहे. पावलांचा रकाना माझ्याकडं नाही." तेवढ्यात प्रांजल पळत आली. महेजबीन ढिगाच्या कडेला तिच्या वाटेत उभ्या होत्या. पोरीनं दोन्ही हातांनी त्यांना मागून ढकललं आणि म्हणाली, "मॅडम, उडी."

मी जागच्या जागी थिजलो. एक तर सरकारी कामात अडथळा. दुसरं म्हणजे दोन शब्द जोडले होते.

"ऐकलं का?" मी म्हणालो. "मॅडम, तुमी ऐकलं ना? दोन हुते ना?"

"दोनच होते, काका."

मी वही आणली. लिहिलं, 'मॅडम, उडी. दोन शब्द एकत्र. वेळ ११.२५.' आणि वही त्यांच्यापुढं धरली. "साक्षीदार म्हणून सही करा. माझ्यावर कोण विश्वास ठेवत न्हाई."

त्यांनी वहीकडं बघितलं, लसीकरणाच्या रकान्यांकडं बघितलं, आणि सही केली. खाली तारीख घातली. मी म्हणालो, "शिक्का?"

"तेवढं मागू नका काका," त्या म्हणाल्या. मग आजूबाजूला बघून त्यांनी चपला काढल्या आणि पायरीवरून एक उडी मारली. लहान मारली. पण गुडघा वाकला होता.

सहा आठवडे झाले. ढिगाचा निकाल अजून लागला नव्हता. आटपाडी, विटा करत आम्ही एसटीनं सांगलीला पोचलो. विश्वजित आणि पल्लवी पुण्याहून येऊन थांबले होते. दवाखाना तिसऱ्या मजल्यावर. संयोगिता मॅडमनी प्रांजलला त्याच खुर्चीत बसवलं. समोर चित्रं. कुत्रा. घर. चेंडू.

ती बसली, तेव्हाच मला कळलं की आपण गेलो.

"हे काय आहे?" काही नाही. "हे?" काही नाही. "मुलगा काय करतोय?" चित्रातला मुलगा उडी मारत होता. प्रांजलनं चित्राकडं बघितलं, मग स्वतःच्या पायाकडं. पाय खुर्चीतून खाली पोचत नव्हते.

पल्लवीनं मान खाली घातली. मी वही पुढं केली. "बघा, अठ्ठेचाळीस हायत. तारखा हायत. तलाठ्यांची सही हाय."

मॅडमनी पान उलटलं. "जनावराचा प्रकार?"

"तो रकाना सोडा."

"आजोबा, मी तुमच्यावर अविश्वास दाखवत नाही. पण मला ऐकायला हवं."

विश्वजित हळू आवाजात म्हणाला, "आप्पा, असू दे. तुम्ही केलंत तेवढं पुष्कळ आहे." माणूस गेल्यावर भेटायला येणारे लोक असं बोलतात. दिवाळीत मी ते खूप ऐकलं होतं.

मी टोपी काढली आणि टेबलावर ठेवली. त्या पांढऱ्या फरशीवर, मुलगा, सून, डॉक्टर आणि दारातली नर्स यांच्यासमोर मी गुडघे वाकवले आणि मोठ्यानं म्हणालो, "उडी." आणि मारली. भिंतीवरचं प्रमाणपत्र हललं. परत मारली. "उडी."

"आप्पा, अहो..." विश्वजित उठला.

प्रांजल खुर्चीतून घसरली. "उडी," ती म्हणाली आणि मारली. "आप्पा, वर. आप्पा, अजून." तिनं खुर्ची धरली. "ढकल." खुर्ची दारापर्यंत गेली. नर्स बाजूला झाली. "मावशी, तिकडं." टेबलाखाली गेली. "खाली." बाहेर आली. "पप्पा, दौड. दौड." विश्वजित काय करावं न कळून दोन पावलं पळाला. "थम." तो थांबला. मग ती पल्लवीसमोर उभी राहिली, तिची ओढणी धरली, आणि म्हणाली, "मम्मा, तू उडी."

तीन शब्द.

पल्लवीनं सँडल काढले. ती उडी मारत होती आणि रडत होती, आणि प्रत्येक उडीला उडी म्हणत होती. मॅडम उभ्या राहून कागदावर खुणा करत होत्या. बयाबाईंची आरोळी आली तेव्हा त्यांचं पेन थांबलं. मी म्हणालो, "ती मेंढरांची हाय. धरू नका वाटल्यास." त्या म्हणाल्या, "धरते."

वहीतले आणि नवे मिळून एक्कावन्न झाले. मॅडमनी सांगितलं, अजून मागं आहे, पण रस्त्याला लागलीय. जूनमध्ये बालवाडीत घाला, दर महिन्याला दाखवा, आणि जे चाललंय ते थांबवू नका. पुण्याला हलवायची गरज नाही. पल्लवी डोळे पुसत म्हणाली, "मग दिवाळीपर्यंत आप्पांकडंच राहू दे. नंतर बघू." विश्वजितनं माझी टोपी उचलून माझ्या हातात दिली. डोक्यावर घालायचं मला सुचलं नाही.

लिफ्ट बंद होती. पल्लवी आणि विश्वजित पुढं झाले, मी आणि प्रांजल मागून जिना उतरायला लागलो. ती माझं बोट धरून एकेक पायरी दोन्ही पायांनी उतरत होती. पायरीला एक उडी. पहिल्या वळणावर ती म्हणाली, "आप्पा, आज्जी कुठं?"

मी थांबलो. एवढे दिवस मी ही बोलत नाही म्हणून झुरत होतो. ती बोलली तर काय विचारील, हे एकदाही मनात आलं नव्हतं. तिला आम्ही कोणी काही सांगितलं नव्हतं. न बोलणाऱ्या पोराला काय सांगायचं, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. आज्जी गेली त्या दिवशी तिला बयाबाईंकडं ठेवलं, संध्याकाळी आणलं, जेवायला घातलं. आणि माझ्या स्वतःच्या तोंडूनही तो शब्द आजवर बाहेर पडला नव्हता. मी गेली म्हणायचो. लोकही गेल्या म्हणायचे. गेली म्हटलं की पोर कुठं गेली विचारणारच.

पुढच्या पायरीवर पल्लवी उभी राहिली होती. तिनं मागं बघितलं नाही.

मी एक पायरी उतरलो. "आज्जी मेली, बाळा."

"मेली," ती म्हणाली आणि उडी मारली. नवा शब्द ती असाच घेते. मग पुढच्या पायरीवर, "आज्जी येत न्हाई?"

"न्हाई. येत न्हाई."

ती आणखी एक पायरी उतरली. मग वर माझ्याकडं बघितलं. "आप्पा मेला?"

"न्हाई. आप्पा हाय."

"आप्पा हाय," ती म्हणाली, आणि उडी मारली. खालच्या पायरीवर परत म्हणाली, "आप्पा हाय." अजून दोन मजले उतरायचे होते.